त्या दिवशी नदीवर कोण गेलं होतं?

एका संशोधक विद्यार्थिनीचं पत्र आलं आहे. ती ओळखू येईल असे तपशील काढून ते थोडक्यात देत आहे.

‘मॅडम, मी कोल्हापुरात पर्यावरणशास्त्रात पीएच.डी. करते. तिसरं वर्ष सुरू आहे, विषय पंचगंगेच्या पाण्याचा. माझ्या आधी एका सीनियर दादांनी जून २०२० ते मे २०२२ अशी दोन वर्षं पाच ठिकाणी दर महिन्याला नमुने घेतले. त्यावर त्यांचा आणि सरांचा पेपर आला, दादांना डिग्री मिळाली, ते आता एका कॉलेजात शिकवतात. सरांनी ती एक्सेल शीट मला दिली आणि माझ्या २०२३ पासूनच्या रीडिंगला जोडून मोठा पेपर लिहायला सांगितलं. पहिलं नाव माझं. शीट उघडली, तर जुलै २०२१ च्या ओळीत पाचही ठिकाणी तारीख २३. मॅडम, माझं गाव शिरोळ तालुक्यातलं. त्या दिवशी आम्ही जनावरं घेऊन घर सोडत होतो. नदीवर जायचं लांबच, नदीच गावात आली होती. मग मी नीट बघितलं. दुसऱ्या वर्षाच्या सात महिन्यांचे पाचही ठिकाणचे डी.ओ.चे (पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनचे) आकडे म्हणजे आदल्या वर्षीच्या आकड्यांत बरोबर ०.२ मिळवलेले आहेत. सरांना विचारलं, तर म्हणाले, “एवढ्या खोलात जाऊ नकोस, रिव्ह्यूअर (छापण्याआधी पेपर तपासणारा) काही नदीवर येत नाही.” फेलोशिपच्या सहामाही अहवालावर त्यांची सही बाकी आहे. वडील म्हणतात, गप्प बस, डिग्री घे आणि बाहेर पड. मला झोप लागत नाही. तक्रार करू का? कुणाकडे? की निनावी पाठवू?’

प्रिय मुली,

तुला ‘तू’ म्हणते, राग मानू नकोस. तुझ्या वयाच्या मुलींना शिकवण्यात माझा जन्म गेला.

जे आजच करायला हवं, ते आधी सांगते. त्या पेपरवर तुझं नाव जाऊ देऊ नकोस. तक्रार करायची की नाही, कधी, कुणाकडे, यावर विचार करायला दोन-तीन आठवडे घेता येतील. नावाच्या बाबतीत तेवढी सवड नाही. पेपर एकदा पाठवला गेला, की ‘हा डेटा खरा आहे’ असं पहिली लेखिका म्हणून तू लिहून दिल्यासारखं होतं. पुढे चौकशी झाली, तर ‘मला आधीच शंका आली होती’ हे वाक्य तुझ्या बाजूनं राहणार नाही, तुझ्यावरच उलटेल. तुला न विचारता कुणी पेपर पाठवलाच, तर नियतकालिकाकडून सहलेखक म्हणून तुला बहुधा मेल येईल. त्याच दिवशी संपादकांना लिही, की या हस्तलिखिताला माझी संमती नाही.

आता तुझ्या शंकेकडे येऊ. तू पुराचं पाणी बघितलं आहेस, त्यामुळे २३ जुलै ही तारीख तुला काट्यासारखी टोचते आहे. टोचायलाच हवी. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका पातळी असते. त्या दिवशी नदी धोक्याच्या खुणेच्या खूप वर होती. त्या दिवसांत शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली होता. कोल्हापूरहून शिरोळकडच्या बंधाऱ्यापर्यंत जाऊन, एकाच दिवसात पाच ठिकाणी बाटल्या भरून परत येणं माणसाच्या हातातलं नव्हतं. आपल्या कोल्हापुरी बंधाऱ्यांचे बर्गे (पाणी अडवायच्या फळ्या) पावसाळ्याआधीच काढलेले असतात आणि पहिल्या मोठ्या पाण्याला बंधारा बुडतो. पुराच्या दिवशी तिथे उभं कुठे राहणार?

तरीही ‘खोटा डेटा’ हे दोन शब्द आत्ता तोंडातून काढू नकोस. तारीख चुकीची पडलेली असू शकते. नमुने १३ तारखेला घेतले आणि शीटमध्ये २३ टाइप झालं, मग ती एक तारीख पाचही ओळींत ओढली गेली, असं मी स्वतः पाहिलं आहे. कधी एखाद्या महिन्याचा नमुना मिळत नाही आणि माणूस आजूबाजूच्या महिन्यांची सरासरी भरतो. ते पेपरमध्ये स्पष्ट लिहिलं, तर ती एक पद्धत असते. लपवलं, तर फसवणूक. शीटवरून तुला यातलं काहीच ठरवता येणार नाही.

०.२ ची गोष्ट मात्र वेगळी आहे. एखाद्या महिन्यात तेवढाच फरक पडला, तर योगायोग म्हणता येईल. सात महिने, सगळीकडे, त्याच दशांशावर नदी तशी वागत नाही. तुझ्या शीटमध्ये आणखी एक रकाना तपास. गढूळपणा. पुरातलं पाणी चहासारखं असतं. जुलै २०२१ चा गढूळपणा जुलै २०२० च्या जवळपास तेवढाच दिसला, तर चूक तारखेची की आकड्याची, याचा पहिला धागा तुझ्या हाती लागेल.

खरं उत्तर कागदात असतं, आणि आपल्या कामात कागद फार असतात. डी.ओ.चा नमुना नदीकाठीच रसायनं घालून पक्का करावा लागतो, म्हणजे फिल्डबुकात वेळ आणि बाटलीचा नंबर असायला हवा. बी.ओ.डी.साठी (पाण्यातले जिवाणू किती ऑक्सिजन वापरतात, ते मोजण्यासाठी) बाटल्या २७ अंशांवर सलग तीन दिवस इन्क्युबेटरमध्ये ठेवायच्या असतात. २३ तारखेला ठेवल्या असतील, तर २६ ला काढल्या असणार. तेव्हा जिल्ह्यातल्या अनेक भागांत वीज बंद होती. तुमच्या प्रयोगशाळेत होती का? इन्क्युबेटरच्या रजिस्टरमध्ये ती नोंद आहे का? टायट्रेशनची वही, रसायनांचं स्टॉक रजिस्टर, गाडीचं भाडं लावलं असेल तर त्याचं बिल, या सगळ्यांत त्या दिवसाची सावली पडलेली असते. खरं काम झालं असेल तर कुठे ना कुठे सापडेलच.

म्हणून तुझं पहिलं पाऊल तक्रारीचं नको. साध्या प्रश्नाचं असू दे, पण लेखी. सरांना मेल कर. भाषा अगदी सरळ ठेव:

‘सर, पेपरसाठी दिलेल्या शीटमधील जुलै २०२१ च्या नोंदींची तारीख २३ आहे. त्या काळात पूरस्थिती होती, त्यामुळे रिव्ह्यूअर यावर प्रश्न विचारू शकतात. तसेच दुसऱ्या वर्षातील सात महिन्यांची डी.ओ. मूल्ये आदल्या वर्षीच्या मूल्यांपेक्षा सर्व ठिकाणी ०.२ ने जास्त दिसतात. मूळ फिल्डबुक आणि टायट्रेशनच्या नोंदी पाहायला मिळाल्या, तर मी पडताळणी करून घेते. तोपर्यंत मसुदा पाठवणे थांबवावे, ही विनंती.’

एवढंच. यात कुणावर आरोप नाही, आणि प्रत्येक शब्द खरा आहे. सीनियर दादांनाही असंच विचार, फोनवर नको. मी इतक्या वर्षांत पाहिलंय, की ज्याच्याकडे वही असते, तो दोन दिवसांत वही दाखवतो. कधी रागावतो, पण दाखवतो. ज्याच्याकडे नसते, तो वहीबद्दल सोडून बाकी सगळ्याबद्दल बोलतो. तुझ्या निष्ठेबद्दल, उपकारांबद्दल, तुझ्या भवितव्याबद्दल.

मूळ रजिस्टर प्रयोगशाळेबाहेर नेऊ नकोस, एक पानही नाही. पान क्रमांक आणि तारीख तुझ्या वहीत टिपून ठेव. सरांनी तुला मेलवर पाठवलेली शीट जशी आली तशीच एका ठिकाणी जपून ठेव, आणि बघायचं काम तिच्या प्रतीवर कर. ‘रिव्ह्यूअर काही नदीवर येत नाही’ हे ते कोणत्या दिवशी, कुठे, कुणासमोर म्हणाले, ते आज रात्रीच लिहून काढ. सहा महिन्यांनी तुझी आठवण आज आहे तेवढी धारदार असणार नाही. आणि ग्रुपवर, स्टेटसवर, हॉस्टेलच्या मैत्रिणींना काही नको. खरी गोष्टसुद्धा पुराव्याआधी पसरली, की अब्रुनुकसानीची नोटीस येते आणि मूळ विषय बाजूला पडतो.

इथे मला माझी एक गोष्ट सांगायची आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका पेपरवर माझं तिसरं नाव होतं. तक्त्याखाली लिहिलं होतं, ‘प्रत्येक मूल्य तीन प्रयोगांची सरासरी’. प्रयोग एकदाच झाला होता, हे मला माहीत होतं. बाटल्या मीच धुतल्या होत्या. मी गप्प बसले. आकडे चुकीचे नव्हते, असं मी मनाला सांगितलं. काही वर्षांनी दुसऱ्या गावातला एक मुलगा मला भेटायला आला. त्या तक्त्यावर विसंबून त्यानं काम सुरू केलं होतं आणि त्याचा प्रयोग काही केल्या जुळत नव्हता. दीड वर्ष तो स्वतःचीच चूक शोधत राहिला होता. मी त्याला खरं सांगितलं, तेव्हा तो काही बोलला नाही. नमस्कार करून गेला. तो नमस्कार मी अजून विसरलेले नाही.

तुझ्या बाबतीत तर हे पाणी आहे. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची साथ आली आणि माणसं दगावली, हे तुझ्या घरच्यांना आठवत असेल. पंचगंगेचं पाणी कुठे किती बिघडलंय, हे उद्या कुणी ठरवायला बसलं, तर ते असेच पेपर काढून बघणार. त्यात ज्या महिन्यात कुणी नदीवर गेलंच नाही, त्या महिन्याचा आकडा ‘ठीक’ म्हणून बसलेला असेल.

समज, वही आली नाही. मग कुणाकडे जायचं? इथे बहुतेक मुलं एका गैरसमजात अडकतात. विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे नियम आहेत, त्यात विभाग आणि संस्था पातळीवरच्या समित्या आहेत, अहवालाला ४५ दिवसांची मुदत आहे, साम्याच्या १०, ४० आणि ६० टक्क्यांच्या पायऱ्या आहेत. पण ते सगळं वाङ्मयचौर्यासाठी (प्लॅजरिझम, म्हणजे दुसऱ्याचं लिखाण उचलणं) आहे. साम्य मोजणारं सॉफ्टवेअर फक्त शब्द जुळवतं. मनानं लिहिलेला आकडा त्याला कधीच सापडणार नाही, कारण तो कुठून उचललेला नसतो. पाच टक्के साम्याचं स्वच्छ प्रमाणपत्र लावलेल्या थिसिसमध्ये एकही खरं रीडिंग नसू शकतं. म्हणून तुझ्या अर्जाला ‘प्लॅजरिझमची तक्रार’ असं नाव देऊ नकोस, तो चुकीच्या टेबलावर जाईल आणि ‘साम्य आढळले नाही’ असा शेरा घेऊन परत येईल. विषयात लिही, ‘संशोधनातील मूळ नोंदींची पडताळणी होण्याबाबत’.

तुझी संशोधन सल्लागार समिती असते, तिच्यापुढे तू दर सत्राला प्रगती मांडतेस. त्या समितीत तुझ्या सरांखेरीज आणखी माणसं असतात. त्यांच्यातल्या ज्यांच्याबद्दल तुला विश्वास वाटतो, त्यांना आधी मेल आणि शीट दाखव. नंतर विभागप्रमुख. तुझे सरच विभागप्रमुख असतील, किंवा प्रमुखांचं नाव त्या जुन्या पेपरवर असेल, तर ती पायरी सोडून थेट कुलगुरूंच्या नावानं, कुलसचिव कार्यालयात अर्ज दे. अर्ज दोन पानांपेक्षा मोठा नको. त्यात सर कसे आहेत, कसे बोलतात, हे लिहू नकोस. कोणती ओळ, कोणती तारीख, कोणता आकडा, कधी विचारलं, काय उत्तर आलं, बस्स. आणि दोन मागण्या कर. सत्यशोधन समितीत एक सदस्य बाहेरच्या संस्थेचा असावा, आणि त्या काळातली फिल्डबुकं व रजिस्टरं समितीनं आधी ताब्यात घ्यावीत. दुसरी मागणी विसरू नकोस. रजिस्टरं चौकशी सुरू झाल्यावरच हरवतात.

आवक विभागात अर्ज देताना दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांकासह पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नकोस. महिना-दोन महिने काहीच हललं नाही, तर माहितीच्या अधिकारात ‘अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर कोणती कार्यवाही झाली’ एवढंच विचार. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. तेवढ्या प्रश्नानंसुद्धा फाइल जागची उठते.

निनावीचं विचारलंस. भीती मला कळते. पण निनावी अर्ज बहुतेक दप्तरी दाखल होतो. शिवाय ती शीट तुझ्याशिवाय कुणाकडे होती? दुपारपर्यंत सगळ्यांना कळेल, की अर्ज तुझा आहे. म्हणजे नाव न घातल्याचं संरक्षण नाही, आणि नाव घातल्याचं वजनही नाही. जुना छापलेला पेपर मात्र वेगळा विषय. त्याबद्दल संपादकांना कुणीही लिहू शकतं. जबाबदार नियतकालिकं अशा पत्रावर लेखकांकडे मूळ डेटा मागतात, आणि उत्तर पटलं नाही तर संस्थेला कळवतात. हे मी आत्ता नको म्हणेन. आधी घरातला दरवाजा ठोठाव.

आता सहीचं. तुझी फेलोशिप सारथीची, बार्टीची, महाज्योतीची की आणखी कुणाची, हे तू लिहिलं नाहीस. कुणाचीही असो, अहवाल आजच्या तारखेला पूर्ण करून मेलनं सरांकडे सहीसाठी पाठव, म्हणजे उशीर कुणाकडून झाला हे नोंदलं जाईल. शक्य असेल तर तो प्रश्नाच्या मेलआधी पाठव. यात लबाडी नाही, अहवाल तुझ्या स्वतःच्या कामाचा आहे. सही अडवली, टोमणे सुरू झाले, प्रयोगशाळेची किल्ली काढून घेतली, तर ती वेगळी तक्रार होते आणि तिची वाटही वेगळी. आयोगाच्या २०२३ च्या नियमांनुसार प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती हवी. तिनं १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो, आणि निर्णय मान्य नसेल तर पुढच्या १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालांकडे जाता येतं. गाईड बदलण्याचा अर्ज संशोधन मान्यता समितीकडे करता येतो. वर्षं फुकट जातील ही भीती असेल, तर लक्षात ठेव, आयोगाच्या २०२२ च्या नियमांत पीएच.डी.ला सहा वर्षांपर्यंत मुदत आहे, आणि थिसिसआधी पेपर छापलाच पाहिजे ही आयोगाची सक्ती त्यात उरलेली नाही. तुमच्या विद्यापीठाचा स्वतःचा नियम काय आहे, तो बघून घे.

तुझ्यापासून काही लपवणार नाही. तक्रार करणाऱ्याला आपल्याकडे सहज न्याय मिळतो, असं मी म्हणणार नाही. जागल्यांच्या (गैरप्रकार उघड करणाऱ्यांच्या) संरक्षणाचा कायदा संसदेनं २०१४ साली केला खरा, पण त्याच्या भरवशावर तू पाऊल उचलू नकोस. चंदीगडच्या पंजाब विद्यापीठातले भूगर्भशास्त्रज्ञ व्ही. जे. गुप्ता यांची हकीकत तुझ्या शाखेतल्या प्रत्येकाला माहीत असायला हवी. हिमालयात सापडले म्हणून त्यांनी वर्षानुवर्षं जीवाश्मांवर पेपर लिहिले. १९८९ मध्ये जॉन टॅलेंट या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञानं दाखवून दिलं, की त्यातले कित्येक नमुने हिमालयातले नाहीतच. काही तर मोरोक्को आणि न्यूयॉर्ककडच्या खडकांतले होते. चौकशीत दोष सिद्ध झाला, तरी गुप्ता नोकरीत राहिले आणि रीतसर निवृत्त झाले. हे वाचून निराश व्हायला होतं. पण मी त्यांच्या सहलेखकांचा विचार करते. देशोदेशीच्या कितीतरी अभ्यासकांनी ‘नमुना कुठे सापडला’ हे न विचारता नावं दिली होती. त्या ठिकाणी जाऊन बघणारा एक माणूस निघाला आणि त्या सगळ्यांच्या कामावर डाग पडला. तुझे सर म्हणतात, रिव्ह्यूअर नदीवर येत नाही. खरं आहे. पण तू त्या नदीवरचीच आहेस.

तुझ्या वडिलांशी मी भांडणार नाही. ज्यानं पुरात जनावरं सोडवली, त्याला मुलीची नाव काठाला लागलेली बघायची आहे. त्यांना एवढंच सांग, की गप्प बसून मिळालेली डिग्री त्या पेपरला बांधलेली असेल, आणि तो पेपर कधी बुडेल हे तुझ्या हातात राहणार नाही. सगळं मेल-अर्जाचं प्रकरण त्यांना दाखव. घरात एक माणूस तरी सगळं माहीत असलेलं हवं. अंगावर येण्याची वेळ आली, तर एकटीनं केबिनमध्ये जाऊ नकोस.

चौकशी काहीही होवो, तुझा थिसिस त्या दोन वर्षांवर उभा करू नकोस. २०२३ पासूनची रीडिंग तुझी आहेत, तुझ्या हातची आहेत. पाच वर्षांऐवजी जेवढे महिने तुझे, तेवढ्यांवरच लिही. पेपर लहान होईल, होऊ दे. पुढच्या फेरीला बाटल्या घेऊन जाशील, तेव्हा प्रत्येक ठिकाणी वेळ लिही, त्या दिवशीची बंधाऱ्यावरची पाणीपातळी लिही, बाटलीच्या नंबरसह एक फोटो काढ आणि सोबत असलेल्या माणसाची वहीत सही घे. एखाद्या महिन्यात पाणी चढलं आणि जाता आलं नाही, तर तो रकाना मोकळा ठेव आणि खाली लिही, ‘पूर, नमुना घेता आला नाही.’

मेलचं काय उत्तर येतं ते मला कळव.